मागच्या ओळीतली तिसरी

आमच्या धंद्यात एक शब्द आहे. त्याने माझी जेवढी फजिती केली तेवढी बायकोनेही केली नसेल. शब्द साधा आहे, 'साफ'. 'फोटो साफ करून द्या,' असं म्हणत गिऱ्हाईक दुकानात शिरतं. याचा एक अर्थ असा की धूळ, डाग, बुरशी काढून टाका. दुसरा अर्थ असा की अंधुक आहे, नीट दिसेल असा करा. आणि गिऱ्हाइकाच्या हातात लग्नाचा बायोडाटा असेल तर तिसरा, पोरीचा रंग दोन हात उजळवून द्या. गोंदियाकडचे हिंदीत सांगतात, खेड्यावरचे आमच्या बोलीत सांगतात, पण शब्द तोच. तुम्हाला नेमका कोणता साफ पाहिजे, एवढं विचारायची अक्कल मला तीस वर्षांत आली नाही. विचारलं तर लोकांना वाटेल याला काम येत नाही, ही एक धास्ती. न विचारता केलं की तेच सिद्ध व्हायचं, हा भाग वेगळा.

दुकान आमगावला, स्टेशनकडून बाजारात येताना. पासपोर्ट फोटो, झेरॉक्स, लॅमिनेशन, लग्नाचे अल्बम आणि जुन्या फोटोंची डागडुजी. या डागडुजीची मला भारी हौस. पूर्वी ती ब्रशने करायची, एकेक ठिपका, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग जावयाने कॉम्प्युटरमध्ये एक नवीन सॉफ्टवेअर टाकून दिलं. त्यात एकच बटण. ते दाबायचं, पडद्यावर एक चक्र फिरतं, आणि धुक्यातून माणूस बाहेर यावा तसा फोटो बाहेर येतो. पहिल्या दिवशी मी ते बटण एवढ्या वेळा दाबलं की जावई म्हणाला, 'बाबा, ती दाराची घंटी नाही.'

त्या बटणाला एक खोड होती. जे दिसत नसेल ते ते स्वतःच्या मनाने भरायचं. एका म्हाताऱ्याच्या फोटोत तोंडाच्या जागी नुसती सावली होती, तर याने त्याला हसता करून बत्तीस दात बसवून दिले. मुलगा फोटो घ्यायला आला, बघत राहिला आणि म्हणाला, 'काका, माह्या बानं वीस वर्सं वरण अन् मऊ भात गिळला. एवढे दात असते तं त्यानं आमालेच खाल्लं असतं.' एका नवऱ्या मुलाला जन्मतः सहा बोटं होती. बटणाला सहा बोटं पटेनात, त्याने एक कापून टाकलं. फोटो गेला मुलीकडे. लग्नाच्या दिवशी मुलीचा मामा नवरदेवाला पाहायला आला, बोटं मोजली, आणि मुलगा बदलला म्हणून मांडवात जी बोंब उठली ती मिटवायला मला स्वतः जाऊन शपथ घ्यावी लागली की बोट मीच तोडलं.

हे सगळं मी चहाच्या टपरीवर हसत हसत सांगायचो. तेव्हा चुका हसण्यासारख्या होत्या.

तीज, म्हणजे अक्षय्य तृतीया, पंधरा दिवसांवर आली असताना एक बाई दुकानात आली. साठीच्या आसपासची, जवळच्याच गावची, घरची धानाची शेती. बियाण्याच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलेली एक फ्रेम तिने काउंटरवर ठेवली आणि पदराने काच पुसली. काळापांढरा ग्रुप फोटो. लग्नातला. मागे डहाळ्यांचा मांडव, पुढे खुर्च्यांवर नवरा-नवरी, बाजूला दोन फेटेवाले, आणि मागे उभी बायकांची ओळ. वरच्या कोपऱ्यात ओल लागून पांढरा फुफाटा झालेला.

'भाऊ,' ती म्हणाली, 'मागच्या ओळीतली तिसरी. हे माही माय.'

मी भिंग घेतलं. तिसरीचं तोंड चिन्नोरच्या दाण्याएवढं. बारीक तांदूळ खाणाऱ्याला चिन्नोरचा दाणा किती असतो ते माहीत असेल.

'हिचा मोठा करून द्या. साफ.'

'नवरी कोण मग?'

'थे मावसी. मायची लहान बहीन. नागऱ्याकडे राहते, आहे अजून. मावसीच्या लग्नात गोंदियाहून फोटोवाला आनला होता म्हनून हा एक तरी आहे. मायचा दुसरा फोटोच नाही.'

मग तिने न विचारता सगळं सांगितलं. ती नऊ महिन्यांची असताना आई तापाने गेली. बापाने दुसरी केली. 'तिनं मोठं केलं मले, काही कमी नाही केलं,' असं तिने आवर्जून सांगितलं, जणू मी काही वावगं बोलणार होतो. तिजेला पितरांच्या नावाने पाण्याने भरलेलं नवं मडकं ठेवतात, करसा भरतात, तेव्हा घरातले सगळे फोटो खाली काढून ओळीने मांडतात. सासऱ्याचा आहे, सासूचा आहे, बापाचा आहे, दुसऱ्या आईचाही आहे.

'हिच्या जागी नारळ ठेवतो,' ती म्हणाली. 'लोक म्हनतात, तू मायवर गेली. कोनत्या मायवर गेली गा मी? मी तं पाहिलीच नाही. एकडाव पाहून घेतो म्हटलं.'

आता इथे शहाण्या माणसाने हात जोडले असते. चिन्नोरच्या दाण्यातून तोंड निघत नसतं, हे तीस वर्षं धंदा केलेल्याला कळायला पाहिजे. पण मी म्हटलं, 'बाई, उद्या या. तुमची माय तुमच्याशी बोलंल असा काढून देतो.' हे वाक्य मला आजही ऐकू येतं आणि दरवेळी कान धरावेसे वाटतात.

स्कॅन करून मोठा केला तर तोंडाच्या जागी राखाडी चौकोन. डोळ्यांच्या जागी दोन काळे डाग, ओठांच्या जागी एक मळकट रेघ, आणि खाली हनुवटीवर आणखी तीन बारीक ठिपके, त्रिकोणात. मी म्हटलं, माशीने घाण केली. साफ करायला सांगितलंय, तर आधी हेच साफ करू. ब्रश फिरवला, तीन ठिपके गेले. मग बटण दाबलं.

चक्र फिरलं. आणि काय सांगू, बाई निघाली! कोरलेल्या भुवया, सरळ नाक, ओठांवर हसू येईल न येईल असं. कातडी अशी तुळतुळीत की उन्हात कधी पाऊल टाकलं नसावं. मी खुर्चीतून उठून दोन पावलं मागे जाऊन पाहिलं. स्वतःच्या पाठीवर हात पोचत नाही म्हणून, नाहीतर थोपटून घेतली असती.

दुसऱ्या दिवशी बाई आली. मी प्रिंट तिच्याकडे फिरवली. आधी तिने डोक्यावर पदर घेतला, थोरल्या बाईसमोर घेतात तसा. मग जवळ वाकून पाहिलं.

'अशी होती का व तू?' ती फोटोला म्हणाली. आणि माझ्याकडे वळून, 'भाऊ, हे तं लहान आहे. माह्या सुनेएवढी आहे माही माय.'

कपाटाकडे वळून मी उगीच लिफाफा शोधत राहिलो.

'मावसीले दाखवतो,' ती म्हणाली. 'तिनंच पाहिली आहे, दुसरं कोनी राहिलं नाही. तिनं हो म्हटलं का झालं.'

तिथेच थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मला त्या मावशीच्या डोळ्यांतलं पाणी स्वतः पाहायचं होतं. खोटं कशाला बोलू. वाटलं, असं काम जन्मात एकदा होतं, त्याची दाद आपल्या कानांनी ऐकावी. म्हटलं, 'मीही येतो. काही कमीजास्त असलं तर लॅपटॉपवर तिथंच करून देतो.' बायको म्हणाली, 'दुकान बंद ठेवून कुठे निघालात?' मी म्हटलं, 'जरा नागऱ्याकडे, महादेवाचं दर्शन.' त्या देवाने ते ऐकलं असणार.

सकाळच्या पॅसेंजरने गोंदिया, तिथून ऑटो. गाडीत बाईने नव्या फोटोची फ्रेम मांडीवर घेतली होती, फोटोचं तोंड खिडकीकडे करून. मी म्हटलं, 'उन्हाने खराब होईल.' ती म्हणाली, 'पाहू द्या तिले. तिच्या वक्ताचं काही राहिलं नाही इथं.'

मावशी सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, बसली होती. समोर अंगणात मोहफुलं वाळत घातलेली, हातात कोंबड्या हाकायची काडी. पंचाहत्तरीच्या पुढची, पण डोळ्यांचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, आणि मी आत येताच तिने माझ्या शर्टाचं तुटलेलं बटण दाखवून दिलं. म्हणजे नजरेचा प्रश्न नव्हता. बाईने फ्रेम पुढे धरली. मी भिंतीला टेकून, चेहऱ्यावर विनम्र भाव आणून उभा राहिलो.

मावशीने फ्रेम हातभर लांब धरली.

'कोन व हे?'

'माय आहे, मावसी.'

'कोनाची माय?'

'माही!'

'तुही माय माही बहीन होती. हे माही बहीन नोहे.' मावशीने फ्रेम मांडीवर आडवी टाकली. 'हे तं तहसीलदाराची बायको दिसते.'

मग माझ्याकडे काडी रोखली. 'कोन गा तू? तूनं बनवली का हे?'

'हो मावशी. मी फोटोवाला.'

'गोंदन कुठी गेलं तिचं?'

तिने स्वतःची हनुवटी वर केली. सुरकुत्यांत एक हिरवट ठिपका होता.

'हा ठिपका पाय. दोघीबी संगंच गेलो होतो गोंदवाले. तिनं तीन टोचून घेतले, चूप बसून. मी एकावरच बोंबलत पळाली. म्हनून माही माय म्हने, तीनवाली थे मोठी अन् एकवाली थे भित्री. अन् तूनं तिचे तीनही खाऊन टाकले?'

'मावशी, मला वाटलं माशीची घाण आहे. साफ करून द्या म्हटलं होतं...'

'भाऊ,' बाई हळूच म्हणाली, 'साफ म्हनजे दिसलं पाहिजे असं म्हटलं होतं मी. पुसून टाका असं नव्हतं म्हटलं.'

मावशी काडीने जमिनीवर रेघा मारत होती. 'मानूस मेला का सारं इथंच राहते गा बाबू. सोनं लोकं काढून घेतात. लुगडं जळते. गोंदन तेवढं संगं जाते. थे कोनी काढून घेऊ शकत नाही म्हनतात.' तिने माझ्याकडे पाहिलं. 'तूनं घेतलं.'

मी लॅपटॉप उघडला. माझ्यासारख्या माणसाला शरम वाटली की तो काम करायला लागतो. तीन ठिपके परत लावले. मग म्हटलं, 'मावशी, तुम्ही सांगा. सांगाल तशी करतो. नाक कसं होतं?'

हीच चूक. गोंदण पुसलं ती चूक लहान होती.

मावशीला आधी हे पटेना की फोटोतल्या बाईचं नाक बसल्या जागी बदलता येतं. एकदा पटल्यावर मात्र ती सरसावून बसली. 'नाक एवढं बारीक नव्हतं. बसकं होतं जरासं.' मी बसवलं. 'एवढं नाही, तिले सर्दी झाली का?' मी उचललं. 'अन् एवढी गोरी? आमच्या सात पिढ्यांत कोनी एवढं गोरं नाही निंगालं. धानाचे रोवने करनारी बाई होती थे.' मी रंग उतरवला. 'आता आजारी दिसते.' भुवया जाड केल्या. 'हे कोन आता?' पुन्हा बारीक. प्रत्येक वेळी मी बटण दाबायचो, चक्र फिरायचं, एक नवीन बाई यायची, मावशी तिच्याकडे टक लावून पाहायची आणि मान हलवायची. तिची भाची शेजारी गुडघे मुडपून बसली होती. प्रत्येक चेहऱ्यावर तिचा हात पदराकडे जायचा आणि मावशीने 'नोहे' म्हटलं की परत खाली यायचा.

चौथ्या की पाचव्या वेळी मला युक्ती सुचली. माझ्या युक्त्यांबद्दल आमच्या घरात एक म्हण आहे, ती इथे लिहिण्यासारखी नाही. युक्ती अशी की त्याच ग्रुप फोटोत पुढे खुर्चीवर नवरी बसलेली आहे, कॅमेऱ्याच्या अगदी जवळ. तिचं नाक, गाल, हनुवटी सगळं स्पष्ट. सख्खी बहीण. मग तिथून उसनं का घेऊ नये? कोणाला काही न सांगता मी नवरीचं नाक उचललं आणि तिसरीला लावलं. मावशी म्हणाली, 'हं. आता जरा आली.' मी खूश. मग गाल उचलले. 'अजून आली.' कपाळ आणलं. शेवटी डोळ्यांचा आकारही आणला आणि लॅपटॉप तिच्याकडे वळवला.

मावशीने काडी खाली ठेवली. दोन्ही हातांनी पडद्याच्या कडा धरल्या.

'आली,' ती म्हणाली. 'आली व बाई! कुठी होती एवढी वर्सं?'

ती रडायला लागली. ज्याच्यासाठी मी दुकान बंद ठेवून, देवाचं खोटं नाव घेऊन आलो होतो, ते डोळ्यांतलं पाणी हेच. आतून सुनेने गुळाचा चहा आणून दिला. मी बशीत ओतून, फुंकर मारून, मोठ्या तृप्तीने पीत होतो.

भाची मात्र पडद्याकडे सरकली. तिने पिशवीतून तो मूळ ग्रुप फोटो काढला, लॅपटॉपशेजारी धरला. एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. मग मावशीच्या तोंडाकडे.

'मावसी,' ती म्हणाली, 'हे तं तू आहेस.'

माझी बशी ओठांपाशीच थांबली.

'खोटी कायले बोलून राहिली व?'

'पाय न. नवरीचं तोंड पाय. अन् हे पाय. नुसते ठिपके तीन आहेत.'

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मी बशी खाली ठेवली आणि सांगून टाकलं. नाक कुठून घेतलं, गाल कुठून, कपाळ कुठून. मावशीने ग्रुप फोटोतली नवरी निरखून पाहिली. ती हसली, तोंडाला पदर लावून, लाजल्यासारखी. 'अगं बाई, अशी होती मी? तवा आमच्या घरी आरसाबी एवढुसाच होता.' मी पण हसलो. वाटलं, सुटलो.

मग तिचं हसू हळूहळू थांबलं.

'मंग माही बहीन कोनती?'

'म्हणजे?'

'हे मी आहो तं थे कोनती? पयली दाखव.'

मी पहिली दाखवली. सकाळी जिला तिने एका नजरेत तहसीलदारीण केलं होतं तीच. मावशी पाहत राहिली. 'हे नोहे,' ती म्हणाली, पण सकाळसारखं नाही. 'का हेच होय? दुसरी दाखव.' दुसरी दाखवली. तिसरी. बसक्या नाकाची. आजारी. जाड भुवयांची. 'थांब. मांगं घे. नाही, थे नाही. थांब जरा.'

तिने डोळे मिटले. मोहफुलांचा वास आणि माश्यांचा आवाज. एक कोंबडी फुलांवर चढली, तिला कोणी हाकललं नाही. मावशीचे ओठ हलत होते, नाव घेत असावी. मग तिने डोळे उघडले आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिची एखादी वस्तू हातात घेतली होती आणि आता ती परत मागत होती.

'येऊन नाही राहिली गा,' ती म्हणाली.

मी लॅपटॉप बंद केला. उघडला. परत बंद केला. मला समजायला उशीर लागतो, पण तेव्हा समजलं. सकाळी तिच्याजवळ काहीतरी होतं. तिला ते सांगता येत नव्हतं, नाक कसं नि डोळे कसे ते, पण दुसरी बाई समोर आणली की 'हे नोहे' म्हणायला ते पुरत होतं. आणि मी एका दुपारी त्याच्यावर सहा बायका चालवल्या, सहावी तर ती स्वतःच. आता 'नोहे' म्हणायलाही काही उरलं नव्हतं.

परतीच्या गाडीत भाचीने फ्रेम पिशवीत ठेवली. मी तीन स्टेशनांपर्यंत माफी कशी मागायची ते जुळवत होतो. शेवटी तीच म्हणाली, 'तुमी कायले डोकं धरून बसले? उलटी होऊन राहिली का?'

पुढचा आठवडा मी तो चिन्नोरचा दाणा घेऊन बसलो. बटणाला हातही लावला नाही, जुन्या पद्धतीने ब्रशने एकेक चौकोन. त्यातून निघायचे ते चौकोनच. तिच्या आईच्या माहेरी फोन करून विचारलं, त्या वयाचं कोणी आहे का. कोणी नव्हतं. रोज जेवताना माझं तोंड पाहून बायकोने एक दिवस सगळं काढून घेतलं. ऐकून म्हणाली, 'माझ्या बहिणीच्या लग्नात तुम्ही मला सोडून भलतीलाच म्हणालात, चला निघू. तुम्ही जित्यांना ओळखत नाही, मेलेल्यांच्या कशाला मागे लागता?' मी म्हटलं, 'तेव्हा साड्या सारख्या होत्या.' ती म्हणाली, 'तोंडं नव्हती.'

तिजेच्या आदल्या दिवशी बाई दुकानात आली.

'पयलीच द्या,' ती म्हणाली. 'गोंदन लावून.'

मी एवढे दिवस तयार करून ठेवलेलं सांगितलं. 'बाई, ती तुमची माय नाही. ती मशीनने बनवली. जिथं दिसत नव्हतं तिथं मशीनने स्वतःच्या मनाने भरलं. अशी बाई कधी जन्मलीच नाही.'

'मले समजते भाऊ.'

'मग?'

'एवढी वर्सं मी नारळाले माय म्हटलं. नारळ कुठी तिच्यासारखा होता?' ती जरा थांबली. 'अन् हिच्यासमोर माहा पदर गेला डोक्यावर, तुमच्या देखत. आता दुसरीसमोर कसा घेऊ मी?'

मी तीन ठिपके लावले. एक जरा वाकडा लागला. तो तसाच ठेवला.

तिजेला तिने मला जेवायला बोलावलं. नाही म्हणायला तोंड नव्हतं, म्हणून गेलो. मधल्या खोलीत पाटावर फोटो मांडले होते, प्रत्येकापुढे पाण्याने भरलेलं लाल मडकं, वर आंबा. सासरा, सासू, बाप, दुसरी आई, सगळे फोटो पिवळे पडलेले, डोळे वटारलेले, जुन्या फोटोत असतात तसे. आणि शेवटी ही, तुळतुळीत. त्या ओळीत ती सरकारी कार्यक्रमाला आलेल्या पाहुणीसारखी दिसत होती. पण ते मलाच दिसत होतं. एक चुलतभाऊ फोटोपुढे हात जोडून म्हणाला, 'अशीच होती काकू. अशीच्या अशी.' कोणीतरी विचारलं, 'तू पाहिली होती का?' तो म्हणाला, 'नाही, माहा जनम नंतरचा. पन समजते न.' सुनेने कडेवरच्या लेकराला जवळ नेलं, 'पाय, तुह्या भुवया कोनावर गेल्या ते.' सगळ्यांनी लेकराच्या भुवया पाहिल्या. आणि खरं सांगतो, मलाही क्षणभर वाटलं, गेल्यात की.

मावशीला ऑटोतून आणलं होतं. तिला फोटोपुढे बसवलं. भाचीने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सगळ्यांसमोर विचारलं, 'हेच न मावसी?'

मावशीने फोटोकडे पाहिलं. मग मान वळवून दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे. मी माझ्या चपलांकडे पाहत राहिलो. दुसरं काय करणार होतो?

'हो व,' मावशी म्हणाली. 'हेच.'

भाचीने फोटोपुढे डोकं टेकलं. बराच वेळ तिने ते उचललं नाही.

जेवणं झाल्यावर मी मागे हात धुवायला गेलो तर मावशी तिथे खाटेवर बसलेली. तिने मला जवळ बोलावलं. मी म्हटलं, आता काडी पडते पाठीत. पडली असती तर बरं वाटलं असतं.

'त्या दिसापासून डोरे मिटले का हेच येते गा बाबू,' ती म्हणाली.

'आधी काय यायचं, मावशी?'

'आधी पाठ यायची. डोक्यावर पान्याची गुंडी घेऊन पुढं चालायची थे, मी मांगं मांगं. माहे पाय भाजत अन् मी रडत. मंग थे वळून पाहायची, चाल व लवकर म्हनून.' तिने हात पुसला, लुगड्याला. 'वळायची तवा तोंड दिसे तिचं. जरासं. आता वळते तं हे.'

ओले हात कुठे पुसायचे तेही सुचेना.

'एक मलेबी दे,' मावशी म्हणाली. 'हेच. मोठा करून दे. नाही तं हेबी जाईन.'

मी दिला. घरी जाऊन त्याच दिवशी काढला, चांगल्या कागदावर, फ्रेम लावून, आणि दुसऱ्या दिवशी पॅसेंजरने स्वतः नेऊन तिच्या सपरीतल्या भिंतीवर खिळा ठोकून टांगून आलो.